बाप्तिस्म्याचा हौद

कॅनडातल्या ब्रॉसार्डमधल्या त्या विटांच्या जुन्या चर्चमध्ये एका स्वयंपाकघरावर चार मंडळ्यांचा संसार चालायचा. सकाळी साडेनऊला इंग्रजी मंडळी यायची, तीस-पस्तीस पिकली पानं. साडेअकराला हैतीहून आलेले, फ्रेंच बोलणारे, दोनशेच्या वर. दुपारी दोनला कँटनीज बोलणारे चिनी, आणि संध्याकाळी पाचला हिंदी, मराठी, पंजाबी अशी सगळी खिचडी, म्हणजे आपले लोक. सगळे बॅप्टिस्ट. देव एक, शास्त्र एक. पण फ्रिजचे खण चार, आणि प्रत्येक खणावर नावाची चिठ्ठी. कुणाचं दूध कुणी वापरलं यावरून वर्षाला निदान दोन मीटिंगा तरी व्हायच्या.

अशा या चार सवती एका चुलीशी आल्या त्या २०१७ च्या उन्हाळ्यात. अमेरिकेच्या हद्दीवरून माणसं सूटकेसा ओढत चालत क्वेबेकमध्ये येऊ लागली. त्यांत हैतीची कुटुंबं पुष्कळ, त्यामुळे ती या चर्चच्या दाराशी येऊन उभी राहायची. पोरंबाळं, म्हाताऱ्या, सगळे उपाशी. मग ठरलं की दर शनिवारी चारी मंडळ्यांनी मिळून जेवण घालायचं. ठरवायला काय जातं? दीडशे माणसांचं शिजवायचं कुणी, या प्रश्नाशी आल्यावर सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. तेव्हा इंदुमतीबाई गोर्डे उठून उभ्या राहिल्या.

बाईंचं वय अडुसष्ट. नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात एकतीस वर्षं मेट्रन होत्या. दोनशे मुलींच्या भाकऱ्या आणि आमटी ज्या बाईने रोज वेळेवर ताटात पाडली, तिला दीडशेचं काय भय? नवरा, शरदचंद्र, गेल्यावर नऊ वर्षांपूर्वी त्या मुलाकडे, रॉड्नीकडे आल्या. सुनेच्या इंडक्शन शेगडीवर चौघांपुरती डाळ करताना त्यांना भातुकली खेळल्यासारखं वाटायचं. आता चर्चमध्ये त्यांनी रॉड्नीला हॉटेलवाल्यांच्या दुकानातून चार भलीमोठी पातेली आणायला लावली आणि पहिल्याच शनिवारी हुकूम सोडला, ‘‘आधी हात धुवा, मग हॅलेलुया.’’

हैतीची मिशेल, पेशाने नर्स, त्यांचा उजवा हात झाली. आणि कांदे सोलायला बसायचा हेरॉल्ड, इंग्रजी मंडळीचा सेक्रेटरी, टेलिफोन कंपनीतून रिटायर झालेला एक्क्याऐंशी वर्षांचा गृहस्थ. डोळ्यांना पोहण्याचा गॉगल लावून कांदे सोलायचा. त्याला ‘अहो’ म्हणायची इंग्रजीत सोय नाही, म्हणून बाई त्याला ‘मिस्टर हेरॉल्ड’ म्हणायच्या. तो त्यांना ‘इंदू’ म्हणायचा. नवऱ्यानंतर त्यांना नुसती ‘इंदू’ म्हणून हाक मारणारा तोच एक.

सप्टेंबरात चारी मंडळ्यांच्या कमिटीने ठरवलं की ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे सुगीच्या आभाराच्या, रविवारी सगळ्यांची एकच उपासना घ्यायची, बाप्तिस्मे एकत्र, जेवण एकत्र, आणि त्याच दिवशी सेवेच्या कामाची जबाबदार माणसं नेमायची. स्वयंपाकघराच्या प्रमुख म्हणून एकमताने नाव आलं इंदुमतीबाईंचं. टाळ्या झाल्या. बाई लाजल्या. इतक्या वर्षांनी कुणी तरी त्यांना पुन्हा मेट्रन केलं होतं.

मग फॉर्म आला. प्रमुख व्हायचं तर सभासद हवं, आणि सभासद व्हायचं तर फॉर्म भरायला हवा. नऊ वर्षं चर्चमध्ये येऊनही बाई सभासद नव्हत्या. कुणी विचारलंच नव्हतं. हेरॉल्ड कांद्याची टोपली बाजूला सारून टेबलाशी बसला.

‘‘बाप्तिस्म्याचं वर्ष?’’

‘‘एकोणीसशे एकसष्ट. बारा वर्षांची होते. स्वतः मागून घेतला.’’

‘‘एक्सलंट. कुणी दिला?’’

‘‘माझ्या वडिलांनी. गावात पास्टर होते. दीनानाथ मास्तर म्हणायचे त्यांना.’’

‘‘पूर्ण बुडवून?’’

‘‘नाही, डोक्यावर शिंपडून.’’

हेरॉल्डचं पेन थांबलं. त्याने गॉगल कपाळावर चढवला.

आता बॅप्टिस्ट माणसाची गोष्ट अशी आहे, की बाकी कशावरही तो चार पावलं मागे येईल, पण पाण्याच्या बाबतीत नाही. माणूस कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून, डोक्यापासून पायापर्यंत पाण्याखाली गेला पाहिजे. याच एका गोष्टीसाठी त्यांच्या पूर्वजांनी तुरुंग भोगले. हेरॉल्डच्या खापरपणज्याला म्हणे स्कॉटलंडमध्ये बर्फ फोडून नदीत बुडवलं होतं.

‘‘त्यात अडचण काही नाही,’’ तो हळुवारपणे म्हणाला. ‘‘त्या रविवारी पाच जणांचे बाप्तिस्मे आहेत. तू सहावी.’’

‘‘म्हणजे आधीचा धरायचा नाही?’’

‘‘तुझे वडील भले गृहस्थ असणार, इंदू. पण तो बाप्तिस्मा नव्हे, डिअर.’’

त्या ‘डिअर’ने बाईंच्या अंगाची लाही झाली. शिवी दिली असती तर परवडली असती. ‘‘आमच्या मिशनची पद्धतच तशी होती,’’ एवढंच म्हणून त्या चुलीकडे वळल्या. खरं तर एवढंच कारण नव्हतं. पण बाकीचं त्यांनी पोटच्या पोरालाही कधी सांगितलं नव्हतं, मग हेरॉल्डला काय सांगणार? रॉड्नीला माहीत होतं ते इतकंच की आपले आजोबा पास्टर होते, घराणं शिकलेलं आहे. गाव कुठलं, वस्ती गावाच्या कुठल्या अंगाला होती, हे बाईंनी भारतात असतानाच गाठोड्यात बांधून ठेवलं होतं. कॅनडात येऊन ते कशाला सोडायचं? संध्याकाळच्या आपल्याच मंडळीत कुणी आडनाव ऐकून ‘‘मूळचे कुठले तुम्ही?’’ म्हणून विचारलं की बाई पटकन सांगायच्या, ‘‘नगरच्या मिशन कंपाऊंडातले,’’ आणि पाणी प्यायच्या निमित्ताने उठायच्या.

रॉड्नीला घरी विषय कळला. तो औषधाच्या कंपनीत कामाला, प्रत्येक गोष्ट प्रोसेस म्हणून बघायची सवय.

‘‘आई, इट्स टू मिनिट्स. पाणी हीटेड असतं. जा, डुबकी मार, बाहेर ये, फॉर्म साइन कर. काय बिग डील आहे?’’

‘‘तुझ्या आजोबांनी दिलेला खोटा होता असं लिहून देऊ?’’

‘‘कोण म्हणतंय असं?’’

‘‘फॉर्म म्हणतोय.’’

रॉड्नीने खांदे उडवले. सून म्हणाली, ‘‘आईंना नको असेल तर राहू दे ना.’’ तिचा आवाज इतका समजूतदार होता की बाईंना आणखीच राग आला.

दोन आठवडे बाई धुमसत राहिल्या. स्वयंपाकघर हातचं जाणार याचं दुःख होतंच, आणि ते थोडं नव्हतं. शनिवार आला की त्यांच्या गुडघ्यांना दुखणं आठवत नसे. पण प्रत्येक वेळी बापाचा चेहरा समोर यायचा. तो गेल्याला चाळीस वर्षं झाली. त्याने आयुष्यात एकच मोठं काम केलं, आणि ते झालंच नाही असं लेकीने सही करून द्यायचं? शेवटी त्यांनी हेरॉल्डला फोन करून नाव काढायला सांगितलं. रविवारचं जेवण करीन, मग स्वयंपाकघराची किल्ली मिशेलकडे. मिशेलने ऐकलं तेव्हा हातातला झारा आपटला. ‘‘मादाम इंदू, हे किती बेत आहे!’’ फ्रेंचमध्ये बेत म्हणजे मूर्खपणा, हे बाईंना एव्हाना ठाऊक झालं होतं.

थँक्सगिव्हिंगच्या रविवारी सकाळी आठला बाई तांदूळ धुवायला घेणार, तोच वरून हेरॉल्डची हाक आली. हाक कसली, बोंबच होती. सगळे धावले. व्यासपीठाच्या फळ्या काढल्या की खाली बाप्तिस्म्याचा हौद, खोलगट, निळ्या फरशीचा, दोन्ही बाजूंना पायऱ्या. शनिवारी दुपारभर नळी लावून, हीटर चालू करून हेरॉल्डने तो काठोकाठ भरला होता. आता तळाशी एक केसांची पिन तेवढी पडली होती.

‘‘मी काढलं पाणी,’’ मागून रॉड्नी म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी एक लहान मूल त्या हौदात पडता पडता वाचलं. तेव्हापासून चारी मंडळ्यांचा नियम, की वापर झाला की हौद रिकामा करायचा. आणि चार भाडेकरूंच्या घरात असतं तसं इथेही प्रत्येकाची खात्री, की आपण सोडून बाकी सगळे अर्धवट. शनिवारी संध्याकाळी हिंदी प्रार्थना आटोपल्यावर रॉड्नीने फळी उचलून बघितली, भरलेला हौद दिसला. ‘‘बघा, वापरून तसाच टाकून गेले,’’ असं म्हणून त्याने बूच काढलं, आणि शिवाय घरी येऊन सांगितलंही, की दुसऱ्यांचा पसारा आपल्यालाच आवरावा लागतो. बाईंनी तेव्हा मान डोलावली होती.

उपासना अकराला. नळीने भरायचं तर दुपारचे तीन वाजणार. पास्टर स्टीव्हन लाम हा ब्रॉसार्डमध्येच जन्मलेला चिनी तरुण. तो छातीपर्यंतची रबरी विजार घालून तयारच होता. कोरड्या हौदाशी त्या विजारीत तो फार केविलवाणा दिसत होता. पुढच्या रविवारवर ढकलावं, असं तो पुटपुटला. पण पाचांपैकी एका हैतियन बाईला सरकारी लोक मंगळवारी दुसऱ्या शहरात हलवणार होते.

इंदुमतीबाईंनी हौदात वाकून बघितलं. मग पदर खोचला आणि एकतीस वर्षांचा मेट्रनचा आवाज काढला. ‘‘नळ किती आहेत? स्वयंपाकघरात दोन, वॉशरूममध्ये चार, बेसमेंटमध्ये एक. बादल्या, डबे, कचऱ्याचे नवे ड्रम, सगळं आणा. जिन्यावर ओळ करा. पुलाव थांबेल. माझी चारी पातेली पाण्याला चढवा, नाहीतर त्या बाया गारठून मरतील. रॉड्नी, तू जिन्याच्या मधोमध, सगळ्यात जड जागी.’’

दहा वाजेपर्यंत पार्किंग लॉट भरला, आणि जो दारातून आत आला तो ओळीत लागला. फ्रॉकवाल्या, टायवाले, चिनी आजोबा, पंजाबी म्हाताऱ्या, कालच बॉर्डरवरून आलेली माणसं. बादली हातोहात वर जायची, रिकामी होऊन खाली यायची. कुणाला कुणाची भाषा येत नव्हती. पण ‘घे’ आणि ‘दे’ला भाषा लागते कशाला? हेरॉल्डची बायको, एडना, टॉवेलांची चळत घेऊन वर पायरीशी उभी राहून पातळी सांगत होती. घोटा. पोटरी. गुडघा.

स्वयंपाकघरात हेरॉल्ड पातेल्यातलं गरम पाणी बादल्यांत ओतत होता. घामाघूम झाला होता, पण मजेत होता. वाकलेली पाठ सरळ करून तो हसत म्हणाला, ‘‘तुमचं मिशन शहाणं, इंदू. एका कपात काम भागवायचं. आमच्यासारखी हमाली नाही.’’

तो बापडा सहज बोलला. पण बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांनी हातातला मग ओट्यावर ठेवला.

‘‘कप नव्हता, मिस्टर हेरॉल्ड. घंगाळ होतं, आणि तेही अर्धं.’’

‘‘आय वॉज ओन्ली...’’

‘‘ऐकून घ्या. गावात मोठी विहीर होती. बारमाही पाणी. पण आमच्या वस्तीने तिला हात लावायचा नाही. आम्ही हात लावला तर पाणी विटाळायचं. आमच्या बायका घागरी घेऊन लांब उन्हात बसायच्या. गावातल्या कुणाला दया आली तर तो वरून ओतायचा. माझ्या वडिलांना बुडवूनच बाप्तिस्मा द्यायचा होता. शास्त्रात नदीत उतरले आहेत, म्हणायचे. ओढा आटलेला. म्हणून पाटलाकडे गेले, विहिरीत उतरायची परवानगी मागायला. विहिरीत! पाटील म्हणाला, मास्तर, जिवावर उदार झालास काय?’’

हेरॉल्ड बादली धरून तसाच उभा होता. ओळीतली मिशेल थांबली. तिच्या मागे, जिन्यावर, रॉड्नी थांबला.

‘‘मग त्या सकाळी वस्तीतल्या प्रत्येक घरातून एकेक पेला पाणी आलं. प्यायचं पाणी. त्या दिवशी वस्तीत चूल पेटली नाही, शिजवायला पाणीच उरलं नव्हतं. तान्ह्या पोरांच्या तोंडचं पाणी काढून ते घंगाळ भरलं, आणि त्यातून आम्हा अकरा जणांचा बाप्तिस्मा झाला. वडील शिंपडताना रडत होते. आणि तुम्ही मला सांगता, तो बाप्तिस्मा नव्हे.’’

बाईंचा आवाज फुटला नाही. त्यांनी हात ओल्या फडक्याला पुसले.

‘‘आई,’’ रॉड्नी म्हणाला, ‘‘तू कधी सांगितलं नाहीस.’’

‘‘बादली पुढे दे. ओळ थांबलीय.’’

हेरॉल्ड तांदळाच्या पोत्यावर बसला. बादली त्याने पायाशी ठेवली. मग त्याने विचारलं, ‘‘हे मी वर सांगितलं तर चालेल तुला?’’

बाईंनी विचार केला. वर सगळे होते. संध्याकाळची मंडळीही होती, आडनावं विचारणारी. साठ वर्षं जपलेलं गाठोडं एका हो-नाहीवर आलं होतं. ‘‘सांगा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण नीट सांगा. पेला म्हणा, कप नाही.’’

बॅप्टिस्टांच्या चर्चमध्ये बिशप नसतो, वरून हुकूम येत नाही. बल्ब बदलायचा तरी सभासदांचे हात वर व्हावे लागतात. हेरॉल्डने व्यासपीठावर जाऊन, ओल्या बुटांत, सगळी हकीकत जशीच्या तशी सांगितली आणि ठराव मांडला, की १९६१ साली दीनानाथ मास्तरांनी आपल्या मुलीला दिलेला बाप्तिस्मा ही मंडळी पूर्ण मानते. मिशेलने अनुमोदन दिलं, तेही फ्रेंचमधलं भाषांतर संपायच्या आत. मग कँटनीजमध्ये झालं, मग हिंदीत. हिंदीत होताना इंदुमतीबाई दाराशी उभ्या राहून आपल्या लोकांचे चेहरे बघत होत्या. कुणी कुजबुजलं नाही. संध्याकाळच्या मंडळीतली एक वाकलेली पंजाबी म्हातारी उठली, हळूहळू त्यांच्याजवळ आली आणि त्यांचा हात धरून म्हणाली, ‘‘बहनजी, हमारे गाँव, हमारे पिंड में भी ऐसा ही कुआँ था. मैंने भी बच्चों को नहीं बताया.’’ आणि तिथेच उभी राहिली.

हात वर झाले. काही ओले, काहींत अजून मग. ‘‘विरुद्ध?’’ हेरॉल्डने विचारलं. एकच हात वर आला, आणि तो एडनाचा होता.

‘‘इंदूवर माझं प्रेम आहे,’’ ती ताठ मानेने म्हणाली. ‘‘गोष्ट ऐकून मला रडू आलं. पण नियम रडण्यावर बदलत नाहीत.’’

‘‘वन अगेन्स्ट,’’ हेरॉल्ड मोठ्याने म्हणाला आणि वहीत लिहिलं. घरी गेल्यावर त्याचं काय झालं ते देव जाणे. ठराव पास झाला. फॉर्मवर ‘बाप्तिस्मा: १९६१’ असं आलं, आणि किल्ली इंदुमतीबाईंकडेच राहिली. बाईंना वाटलं होतं की आता मोठ्याने रडू येईल. तसं काही झालं नाही. उलट अंगातलं सगळं ताठरपण निघून गेलं आणि कडकडून भूक लागली.

सव्वाअकराला पाणी कमरेपर्यंत आलं आणि उपासना सुरू झाली. चार भाषांतलं एकच गाणं चार सुरांत झालं. पाच जण एकामागून एक हौदात उतरले, बुडाले, वर आले. दर वेळी एडना टॉवेल पुढे करायची आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायचं. मंगळवारी जाणारी ती बाई वर आली तेव्हा मिशेल ओक्साबोक्शी रडली. इंदुमतीबाई मागे उभ्या राहून पाण्याकडे बघत होत्या. पातेली मोकळी झाल्यावर चढवलेला पुलाव खाली मंद आचेवर होता, त्याची काळजी नव्हती. मघापासून त्या पाण्याकडेच बघत होत्या.

पाचवा माणूस बाहेर आला. पास्टर स्टीव्हन पायरी चढू लागला, तोवर बाई अंगातला एप्रन काढून बाकावर ठेवत होत्या. चपला काढल्या. सुती साडीतच त्या मधल्या वाटेने चालत व्यासपीठावर आल्या. गाणं थांबलं. एडनाने त्यांच्याकडे बघितलं, मग चळतीतून एक टॉवेल उचलून स्वतःच्या खांद्यावर तयार ठेवला.

‘‘इंदू आंटी,’’ स्टीव्हन गोंधळून म्हणाला, ‘‘आता याची गरज नाही. ठराव झालाय. मी... दुसऱ्यांदा नाही देऊ शकत.’’

‘‘देऊ नका. बाप्तिस्मा माझा झालाय, पास्टर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला नुसतं पाण्यात उतरायचंय.’’

स्टीव्हन बाजूला झाला. रॉड्नीने पुढे येऊन हात दिला, तो त्यांनी धरला, आणि दोघं पायऱ्या उतरू लागली.